फलकावरचे विल्यम कूपर आणि अर्जातले विल्यम कूपर

मेलबर्न शहराच्या एल्स्टर्नविक भागात ज्यू समाजाचे एक स्मृतिसंग्रहालय आहे. नाझी छावण्यांतून वाचून ऑस्ट्रेलियात पोहोचलेल्या माणसांनी ते १९८४ साली सुरू केले. २००२ साली तिथे एक फलक बसवला गेला. हिटलरच्या जर्मनीत ज्यूंवर होणाऱ्या अत्याचाराचा १९३८ साली निषेध करणाऱ्या ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या सन्मानासाठी तो फलक आहे. हा निषेध केला होता 'ऑस्ट्रेलियन ॲबोरिजिन्स लीग' या संघटनेने, आणि तिचे सचिव होते योर्टा योर्टा समाजाचे विल्यम कूपर.

फलक योग्यच आहे. ज्यांच्यावर नरसंहार ओढवला त्यांनी आपल्यासाठी बोलणाऱ्यांचे नाव विसरू नये, हे माणुसकीला धरून झाले. आमचा प्रश्न वेगळा आहे. कूपर यांनी आयुष्यात काय काय मागितले आणि त्यातले फलकांवर काय उतरले, हे एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहायला हवे. कारण हाच प्रश्न आपल्या दारातही उभा आहे. महापुरुषांचे फलक आणि पुतळे भराभर उभे राहतात, आणि महापुरुषांनी ज्या अर्जांवर सही केली ते अर्ज मात्र कपाटात पडून राहतात.

कूपर यांचा जन्म १८६० च्या डिसेंबरचा. मरे आणि गोलबर्न या नद्यांच्या संगमाचा प्रदेश हा योर्टा योर्टा लोकांचा मुलूख. त्यांचे बालपण सुरू होईपर्यंत गोऱ्या मेंढपाळ जमीनदारांनी तो मुलूख गिळून टाकला होता. ज्यांची जमीन त्यांनाच त्या जमिनीवर मजूर म्हणून राबावे लागत होते. कूपर यांनीही मेंढ्यांची लोकर कातरली, गुरे हाकली, घोडे वठणीवर आणले. कामगार संघटनेचे सभासद झाले. अर्ज कसा लिहावा, सभा कशी चालवावी, हे त्यांनी तिथल्या कष्टकऱ्यांच्या चळवळीत पाहिले.

आणि एक गोष्ट आपल्या तरुणांनी आवर्जून ध्यानात ठेवावी. मालोगा आणि पुढे कमरागंजा या वस्त्यांमध्ये आदिवासींना शिकवणारे शिक्षक होते थॉमस शॅड्रॅक जेम्स. त्यांचा जन्म मॉरिशसमधला, भारतीय वंशाच्या कुटुंबातला. आदिवासी समाजातच त्यांनी लग्न केले, कूपर यांच्या बहिणीशी. कित्येक वर्षे ते त्या एका शाळेला धरून राहिले. मालोगाच्या शाळेत आणि प्रौढांच्या वर्गात बसून कूपर लिहिते-वाचते झाले. पुढे साऊथ ऑस्ट्रेलिया राज्याचे गव्हर्नर झालेले डग निकोल्स त्याच कमरागंजाचे. एका लहानशा वस्तीतून चळवळीची एवढी माणसे का निघाली, याचे उत्तर शोधायचे तर त्या शाळेपाशी थांबावे लागते. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हे तिथे कुणी भिंतीवर रंगवले नव्हते. घडले मात्र त्याच क्रमाने.

कमरागंजाची कथा तर आपल्या गावकुसाबाहेरची वाटावी अशी. मरे नदीच्या न्यू साऊथ वेल्सकडच्या काठावर १८८८ साली ही वस्ती बसली. काही कुटुंबांना कसण्यासाठी जमिनीचे तुकडे मिळाले. त्यांनी झाडे तोडून, कुंपणे घालून ती जमीन लागवडीखाली आणली. जमीन पिकू लागली तशी 'संरक्षण मंडळा'ने १९०७ साली ती काढून घेतली. हो, मंडळाचे नाव 'संरक्षण मंडळ'च होते! कोण कुठे राहणार, कुणाला शिधा मिळणार, कुणाची मुले उचलून नेली जाणार, हे सगळे हे मंडळ ठरवत असे. ज्यांचे 'संरक्षण' चालले होते त्यांचा एकही प्रतिनिधी त्यात नव्हता.

१९३३ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, कूपर मेलबर्नला राहायला गेले. कारण अगदी व्यवहारी होते. आदिवासी वस्तीवर राहणाऱ्याला म्हातारपणाचे सरकारी पेन्शन मिळत नसे. म्हणजे आपल्या माणसांत राहायचे तर नागरिक म्हणून मिळणारा हक्क सोडायचा, आणि हक्क घ्यायचा तर आपली माणसे सोडायची. कूपर यांनी फुटस्क्रे या कामगारवस्तीत भाड्याचे घर घेतले आणि पेन्शनच्या तुटपुंज्या पैशांवर पत्रे लिहायला बसले. मंत्र्यांना, वर्तमानपत्रांना, पाद्र्यांना. ज्या वयात माणूस नातवंडांत रमतो त्या वयात या माणसाने एक देशव्यापी चळवळ उभी केली.

त्या चळवळीचा गाभा होता एक अर्ज. इंग्लंडच्या राजाला उद्देशून लिहिलेला. त्यात तीन गोष्टी मागितल्या होत्या: आदिवासी समाज नष्ट होऊ देऊ नये, सगळ्यांची राहणी सुधारावी, आणि देशाच्या संसदेत आमचा प्रतिनिधी असावा. तिसऱ्या मागणीचे शब्द फार विचारपूर्वक योजलेले आहेत. प्रतिनिधी आमच्या रक्ताचा असावा, किंवा आमच्या गरजांचा अभ्यास असलेला आणि आमच्याविषयी सहानुभूती बाळगणारा गोरा असावा, अशी ती मागणी होती. कूपर यांच्यासमोर शेजारच्या न्यूझीलंडचे उदाहरण होते. तिथल्या माओरींसाठी १८६७ पासून संसदेत चार जागा वेगळ्या ठेवलेल्या होत्या. जे समुद्रापलीकडे चालते ते इथे का चालू नये, असा साधा सवाल होता.

या अर्जावर १,८१४ सह्या गोळा झाल्या. हा आकडा आज किरकोळ वाटेल. पण त्या काळी वस्तीच्या व्यवस्थापकाच्या परवानगीशिवाय बाहेरचा माणूस आत जाऊ शकत नसे. चळवळीशी संबंध ठेवणाऱ्याला वस्तीबाहेर काढले जाई, त्याचा शिधा तोडला जाई. कागदावर नाव देणे म्हणजे पोटावर पाय घेणे होते. महाडला तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्यांनी पुढे काय सोसले हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या १,८१४ नावांचे मोल वेगळे सांगायला नको.

१९३७ साली कूपर यांनी हा अर्ज राजाकडे पाठवण्यासाठी पंतप्रधान जोसेफ लायन्स यांच्या सरकारकडे सुपूर्द केला. १९३८ च्या फेब्रुवारीत मंत्रिमंडळाने ठरवले की अर्ज पुढे पाठवण्यात काही हशील नाही. त्यामागचा कायदेशीर तर्क ऐकण्यासारखा आहे. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेप्रमाणे राज्यांत राहणाऱ्या आदिवासींविषयी कायदा करण्याचा अधिकारच केंद्राला नव्हता. घटनेने ज्यांना बाहेर ठेवले त्यांनी दाद मागितली, तर उत्तर मिळाले की तुम्ही घटनेच्या बाहेर आहात, म्हणून तुमची दाद घेता येत नाही.

त्याच वर्षीच्या २६ जानेवारीला गोऱ्यांच्या पहिल्या वसाहतीला १५० वर्षे झाल्याचा सोहळा सिडनीत होता. २६ जानेवारी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर संविधान येते. तिथे ती तारीख म्हणजे जमीन गेल्याची तारीख. पहिली जहाजे किनाऱ्याला लागली त्याचे नाट्य रंगवण्यासाठी सरकारने दूरच्या मेनिंडी वस्तीवरून आदिवासी पुरुष आणले आणि त्यांना पोलिसांच्या तबेल्यात ठेवले. सिडनीतल्या आदिवासींनी या नाट्यात भाग घ्यायला नकार दिला होता. त्याच दिवशी ऑस्ट्रेलियन हॉल या सभागृहात सुमारे शंभर आदिवासी जमले आणि त्यांनी तो 'शोकदिन' म्हणून पाळला. जॅक पॅटन, विल्यम फर्ग्युसन, पर्ल गिब्स, डग निकोल्स आणि कूपर ही त्यातली प्रमुख नावे. सभागृहात त्यांना मागच्या दाराने जावे लागले. संपूर्ण नागरिकत्व आणि समाजात बरोबरीचे स्थान मिळावे असा ठराव त्यांनी केला.

आता येऊ फलकाकडे. १९३८ च्या ९ आणि १० नोव्हेंबरला जर्मनीत ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळली गेली, दुकाने फोडली गेली, हजारोंना छावण्यांत डांबले गेले. ६ डिसेंबरला लीगचे एक शिष्टमंडळ मेलबर्नमधील जर्मन वकिलातीवर निषेधाचा ठराव घेऊन गेले. वकिलातीने तो स्वीकारला नाही. ज्या माणसांना स्वतःच्या देशात मत नव्हते, ज्यांची स्वतःची गणना जनगणनेच्या लोकसंख्येत धरली जात नव्हती, ती माणसे सातासमुद्रापलीकडच्या पीडितांसाठी चालत गेली.

सत्तरी उलटलेले कूपर हातात कागद घेऊन मोर्चाच्या अग्रभागी चालले, असे चित्र आज रूढ आहे. कूपर यांचे चरित्र लिहिणारे इतिहासकार बेन ॲटवुड यांनी या चित्राविषयी शंका घेतली आहे. कूपर त्या दिवशी प्रत्यक्ष हजर होते का, हा वादाचा मुद्दा आहे. आम्हाला हा वाद दुय्यम वाटतो. ठराव संघटनेचा होता, आणि संघटना कूपर यांनी बांधली होती. ॲटवुड यांचा दुसरा मुद्दा मात्र महत्त्वाचा आहे. कूपर यांच्यासाठी ज्यूंचा प्रश्न आणि स्वतःच्या लोकांचा प्रश्न वेगवेगळे नव्हते. जर्मनीतल्या छळाने हळहळणाऱ्या गोऱ्या ऑस्ट्रेलियनांनी आपल्या घरातल्या अल्पसंख्याकांकडेही त्याच नजरेने पाहावे, ही त्यामागची मागणी होती. निषेधाचे एक टोक बर्लिनकडे रोखलेले होते आणि दुसरे कॅनबेराकडे.

फलकांवर पहिलेच टोक ठळक दिसते. २०१० साली जेरुसलेमच्या याद वाशेम स्मारक संस्थेने कूपर यांचा गौरव केला. त्याच वर्षी मेलबर्नच्या एका न्यायालयीन इमारतीला त्यांचे नाव मिळाले. २०१८ साली फुटस्क्रे रेल्वे स्थानकावरच्या पादचारी पुलाला त्यांचे नाव दिले गेले. २०२० साली जर्मन सरकारच्या वतीने त्या न स्वीकारलेल्या ठरावाबद्दल माफीही मागितली गेली. दुसऱ्यांसाठी बोललेला कूपर सगळ्यांना चालतो. त्याने कुणाची जमीन परत मागितलेली नसते, कुणाच्या संसदेत जागा मागितलेली नसते. पीडिताची करुणा साजरी करायला सत्ताधाऱ्याला काही खर्च येत नाही. आपल्याकडे 'दलितांचे कैवारी' आणि 'घटनेचे शिल्पकार' एवढ्यावर बाबासाहेब आटोपले जातात ते याच हिशोबाने. स्वतंत्र मतदारसंघ मागणारे, शेतजमिनीच्या राष्ट्रीयीकरणाचा मसुदा लिहिणारे, हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणारे बाबासाहेब किती फलकांवर भेटतात? आणि भेटले तरी उद्घाटकाच्या नावाची अक्षरे बाबासाहेबांच्या नावापेक्षा मोठी असतात, तो भाग वेगळाच.

तरी फलक म्हणजे नुसती धूळफेक असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या चळवळीतही काही मंडळी हा सूर लावतात, आणि तो चुकीचा आहे. दगड काय सांगतो हे दगड बसवणारा एकटा ठरवत नाही. कोरेगावचा स्तंभ ईस्ट इंडिया कंपनीने स्वतःच्या विजयासाठी उभारला. त्यावर कोरलेल्या नावांतली 'नाक' शेवटाला असणारी महार सैनिकांची नावे तिथे पिढ्यानपिढ्या होतीच. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे गेले आणि त्या नावांना वाचक मिळाला. ज्यांच्या रक्तावर राज्य मिळाले त्यांनाच पुढे सैन्याचे दरवाजे बंद झाले, हा जाब त्या दगडापुढे उभा राहिला. कूपर यांनाही हा जाब ठाऊक होता. त्यांचा मुलगा डॅन पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात लढला आणि १९१७ साली बेल्जियममध्ये मारला गेला. दुसरे महायुद्ध तोंडावर आले तेव्हा कूपर यांनी सरकारला कळवले की ज्यांना देशात हक्क नाहीत त्यांनी देशासाठी काय म्हणून लढावे?

नामांतराची लढाई आपण लढलो तीही नुसत्या पाटीसाठी नव्हती. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने ठराव केला आणि मराठवाड्यात वस्त्या जळाल्या. पाटी बदलायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, आणि तोही नामविस्तार म्हणून. पाटीला काही अर्थच नसता तर ती अडवण्यासाठी कुणी घरे जाळली नसती. म्हणून प्रश्न पाटी हवी की नको हा नाही. पाटीमागे सत्तेतला वाटा आहे की पाटीच वाट्याला आली आहे, हा आहे.

या कसोटीला ऑस्ट्रेलियातले एक उदाहरण लावून पाहा. मेलबर्नमधल्या लोकसभेच्या एका मतदारसंघाचे नाव पूर्वी 'बॅटमन' होते. जॉन बॅटमन हा मेलबर्न वसवणाऱ्यांपैकी एक, आणि त्याआधी टास्मानियात आदिवासींच्या हत्यांत सामील असलेला. २०१८ साली ते नाव काढून मतदारसंघाला 'कूपर' असे नाव देण्यात आले. मारेकऱ्याचे नाव गेले, लढवय्याचे आले. आम्हाला याचा आनंद आहे. पण ज्या माणसाने संसदेत आपल्या लोकांसाठी एक जागा मागितली, त्याचे नाव संसदेच्या एका जागेला मिळाले, आणि ती जागा त्याच्या लोकांसाठी राखीव मात्र नाही. तिथल्या संसदेत आदिवासींसाठी एकही जागा राखीव नाही. पहिला आदिवासी सिनेटर, नेव्हिल बॉनर, १९७१ साली आला. कनिष्ठ सभागृहात पहिला आदिवासी सदस्य, केन वायट, निवडून यायला २०१० साल लागले.

इथे आपण कूपर यांचा अर्ज पुन्हा वाचला पाहिजे, आणि थोडा कठोरपणे. 'आमच्या रक्ताचा, किंवा सहानुभूती असलेला गोरा' यातला दुसरा पर्याय त्यांनी दिला, तो परिस्थितीच्या दाबाखाली. बाबासाहेबांनी १९१९ साली साऊथबरो समितीपुढे आणि नंतर गोलमेज परिषदेत जी भूमिका घेतली तिच्यात ही फट नव्हती. आमचा माणूस, आणि तो आमच्याच मतांवर निवडलेला, हे त्यांचे म्हणणे होते. १९३२ च्या ऑगस्टमध्ये ते मान्य झाले आणि महिनाभरात, २४ सप्टेंबरला, गांधीजींच्या उपोषणाच्या दबावाखाली पुणे करारात त्याचा अर्धा भाग सोडून द्यावा लागला. माणूस आपला राहिला, अंतिम मत इतरांचे झाले. त्याचे फळ काय मिळाले हे कांशीराम यांनी कराराच्या पन्नासाव्या वर्षी 'चमचा युग' लिहून सांगितले. राखीव जागेवरून गेलेला आमदार अत्याचाराच्या वेळी तोंड का उघडत नाही, असे आपल्या वस्तीतला तरुण विचारतो, तेव्हा तो १९३२ चाच प्रश्न विचारत असतो.

देशातल्या सत्तेने कान बंद केले की देशाबाहेर दाद मागायची, हे दोघांनीही जाणले होते. कूपर यांनी राजाला लिहिले. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. दोघांची तुलना ही आमची आहे, पण ज्यांच्याकडे शस्त्र नसते त्यांच्या हाती अर्ज आणि संघटन एवढेच उरते, हे दोन्हीकडे सारखे आहे.

कूपर यांना जिवंतपणी काहीच मिळाले नाही. ४ फेब्रुवारी १९३९ रोजी कमरागंजाच्या रहिवाशांनी व्यवस्थापकाच्या जाचाला कंटाळून वस्ती सोडली, नदी ओलांडली आणि व्हिक्टोरियाच्या काठावर तळ ठोकला. कूपर यांनी मेलबर्नमध्ये त्यांच्यासाठी पत्रव्यवहार केला, पण सरकार बधले नाही. २९ मार्च १९४१ रोजी ते वारले आणि त्यांना कमरागंजालाच दफन करण्यात आले. १९६७ च्या सार्वमताने घटनेतली ती वगळणारी कलमे नव्वद टक्क्यांहून अधिक मतांनी काढून टाकली. अर्ज मात्र तसाच राहिला. शेवटी २०१४ साली त्यांच्या नातवाच्या पाठपुराव्याने तो गव्हर्नर जनरलमार्फत राणी एलिझाबेथकडे पोहोचवण्यात आला. पाठवणारा जाऊन त्र्याहत्तर वर्षे झाली होती.

२०१७ साली उलुरू इथे जमलेल्या आदिवासी प्रतिनिधींनी संसदेला सल्ला देणारे मंडळ घटनेत असावे अशी मागणी केली. नीट पाहा, कूपर यांनी संसदेत जागा मागितली होती. ऐंशी वर्षांनी त्यांच्या वारसांनी फक्त सल्ला देण्याचा हक्क मागितला, मताचा नाही, नकाराधिकाराचा तर नाहीच. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी सार्वमत झाले. देशातल्या साठ टक्के मतदारांनी 'नाही' म्हटले, सहाही राज्यांत 'नाही'चे बहुमत झाले. 'कूपर' मतदारसंघात 'हो'ला अधिक मते पडली, पण तो मतदारसंघ ज्या व्हिक्टोरिया राज्यात आहे तेही 'नाही'च्याच बाजूला गेले.

त्याच व्हिक्टोरियात मात्र सार्वमताच्या आधीच एक वेगळी गोष्ट सुरू झाली होती. राज्य सरकारशी कराराची बोलणी करण्यासाठी 'फर्स्ट पीपल्स असेंब्ली' नावाची आदिवासींची सभा तयार झाली. तिची पहिली निवडणूक २०१९ साली झाली. उमेदवार आदिवासी होते. मतदारही फक्त आदिवासीच होते, वय वर्षे सोळापासून पुढचे.